महानंदाअक्कांचं एक्सचेंज

चाकूरला महानंदाअक्कांच्या घरी जायचं तर दारात उभं राहून हाक मारायची नाही. मारली तरी कोणी ओ देणार नाही. फाटकाच्या खांबाला गोडेतेलाचा कापलेला प्लास्टिकचा डबा आडवा टांगलाय आणि त्यात, पावसापासून जपून, ऑफिसात असतो तसला एक काळा फोन ठेवलाय. तो उचलायचा. मग आतून अक्कांचा आवाज येतो. रोजचा नाही, सातवी 'ब'ला अपूर्णांक शिकवताना लागायचा तो.

"नमस्कार. अक्का स्वयंपाकघरात हव्या असतील तर एक दाबा. गच्चीवर हव्या असतील तर दोन दाबा. गणित अडलं असेल तर तीन दाबा आणि वही सोबत ठेवा. दूध घेऊन आला असाल तर काहीही दाबू नका, पातेलं पायरीवर झाकून ठेवलं आहे. मत मागायला आला असाल तर शून्य दाबा."

शून्य दाबणाऱ्याला "कृपया थांबा" असं सांगितलं जातं आणि थांबेपर्यंत करमणूक म्हणून एकोणतीसचा पाढा ऐकवला जातो. तो संपला की पुन्हा सुरू होतो. नगरपंचायतीच्या मागच्या निवडणुकीत एक उमेदवार गळ्यात उपरणं घालून, मागं पाच-पंचवीस कार्यकर्ते घेऊन आला आणि त्यानं शून्य दाबलं. बिचारा अक्कांचाच विद्यार्थी निघाला. बाईंचा पाढा चालू असताना फोन खाली ठेवायची त्याची हिंमत होईना. 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी'पासून तो आवाजाबरोबर पुटपुटायला लागला, आणि ढोलवाले फाटकाबाहेर ताटकळत उभे. शेवटी अक्काच कढीपत्ता तोडायला बाहेर आल्या तेव्हा त्याची सुटका झाली.

"पाठ हाय की रे अजून," अक्का म्हणाल्या. "जा, तुला देते मत."

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो आणि राहतो अक्कांच्या घरासमोर. नोकरीला लागलो तेव्हा त्या गणिताच्या सर्वांत जुन्या शिक्षिका होत्या. त्यामुळं त्या रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी "ओ सर" अशी त्यांची हाक आली की मी हातातला चहा ठेवून आधी उभा राहतो. बुटक्या, सावळ्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं, आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. बोलता बोलता त्या हात मागं नेतात, टेस्टर उपसतात, समोरच्या बटणात खुपसतात, लाल दिवा लागला की मान हलवतात आणि टेस्टर परत अंबाड्यात. एवढ्यात बोलण्याचा धागा मात्र सुटत नाही.

कुठलीही वस्तू बिघडली की अक्का एकच वाक्य म्हणतात. "उत्तर चुकलं तर चुकू द्या, पायऱ्या तपासा." मिक्सर बंद पडला, पायऱ्या तपासा. पुरणात गूळ जास्त झाला, पायऱ्या तपासा. आणि कोणी विचारलंच, की अक्का, या वयात तुम्हाला कॉम्प्युटरची भीती कशी वाटत नाही, तर दुसरं वाक्य तयार असतं. "यंत्र हाय ते, सासरा न्हाई. विचारलं तर सांगतंय."

हे एक्सचेंज उभं राहिलं ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे अक्कांचे यजमान. ते कृषी खात्यात होते आणि नोकरीचा बराचसा काळ तिकडं नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगरला गेला. अक्कांची शाळा इथं चाकूरला. त्यामुळं संसार असा झाला, की नवरा महिन्याकाठी एकदा पिशवी घेऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जायचा. हिमायतनगरहून अण्णांनी दोन गोष्टी कायमच्या आणल्या. एक म्हणजे 'हो'ऐवजी 'हाव', आणि दुसरी म्हणजे 'करून राहिलो'. आमच्याकडं माणूस 'जेवतोय' म्हणतो, अण्णा 'जेवून राहिलो' म्हणतात.

रिटायर होऊन अण्णा घरी आले. वर्षभर राहिले असतील. मग एक दिवस खाट, कंदील आणि रेडिओ घेऊन ते शेतातल्या आखाड्यावर राहायला गेले. तिथं गोठा आहे, देवणी गाई आहेत, एक पत्र्याची खोली आहे. गावानं आपल्या परीनं अर्थ काढला, की नवराबायकोचं भांडण झालं. अक्कांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी गड्याबरोबर डबा पाठवायच्या, एवढंच.

अडचण अशी, की आखाड्यावर मोबाईल लागत नाही. मध्ये माळाचा उंचवटा आहे, त्याच्या पलीकडं टॉवर. अक्का फोन लावायच्या आणि दर वेळी ती बाई गोड आवाजात सांगायची, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. एक दिवस अक्का तिच्यावर भडकल्या.

"ही कोण मला सांगणार हे कुठं हायत ते? मला गच्चीवरून आखाडा दिसतोय. खाट दिसती. खाटंवर वाळत टाकलेलं धोतर दिसतंय. आन ही म्हणती क्षेत्राच्या बाहेर!"

तिथून सगळं सुरू झालं. जिथं नजर पोचते तिथं आवाज का पोचू नये, हा अक्कांचा प्रश्न. त्यांनी तो पुण्यातल्या मुलाला, विश्वनाथला, विचारला. विश्वनाथ कॉम्प्युटरमधलाच. त्यानं सांगितलं, की पोचू शकतो. घरात एक छोटा कॉम्प्युटर ठेवायचा, तो टेलिफोन एक्सचेंजचं काम करील. गच्चीवर अँटेनाची एक थाळी, आखाड्यावर दुसरी. दोन थाळ्यांना एकमेकी दिसल्या, की मध्ये तार नसली तरी चालतं. आणि हे सगळं घरातल्या घरात, बाहेरचं इंटरनेट गेलं तरी बंद पडत नाही. पण आई, म्हणाला, हे तुला जमणार नाही, मी दिवाळीत येतो तेव्हा बघू.

'तुला जमणार नाही' हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

अक्का लातूरला गेल्या आणि एका भंगारवाल्याकडून बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसचे फोन पोत्यात घालून घेऊन आल्या. त्या पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा आत इतक्या तारांचा गुंता होता, की माझी बायको शोभा म्हणाली, "अक्का, हे सोडवायलाच दिवाळी येईल." अक्का दुपारभर ओसरीवर बसून वेणी सोडवावी तशी एकेक तार सोडवत राहिल्या. रात्री जेवण झालं की मोबाईलवर व्हिडिओ लावायच्या. त्यात एक पोरगा इंग्रजीत भराभर सांगायचा. अक्का व्हिडिओ थांबवून त्याला दम द्यायच्या. "लई घाई करतोस. मधली पायरी गाळलीस." मग मागं नेऊन पुन्हा ऐकायच्या. विश्वनाथनंही मग हार मानली आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आईच्या शंकांची उत्तरं देऊ लागला.

तो छोटा कॉम्प्युटर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. तिला सतत वीज लागते आणि घरातलं इन्व्हर्टरचं बटण नेमकं देवघरात. त्यामुळं एक्सचेंजची स्थापना देवघरातच झाली. येणारी-जाणारी बाई नमस्कार करून डबीलाही हात लावायची. अक्कांना तेवढ्यासाठी पाटी लावावी लागली : 'याला विभूती लावू नये. आत जाते व आवाज घोगरा होतो.'

प्रत्येक फोनला एक नंबर असतो. अक्का त्याला हजेरी नंबर म्हणतात. स्वयंपाकघर अकरा, गच्ची बारा, आखाडा एकवीस. फोन सुरू झाला की आधी डबीला आपला नंबर कळवतो, आणि डबीनं तो लिहून घेतला तरच त्याला बोलता येतं. विश्वनाथनं यासाठी काहीतरी इंग्रजी शब्द सांगितला होता. अक्का म्हणाल्या, "म्हणजे हजेरीच की." तेव्हापासून चालू फोन हजर आणि बंद फोन गैरहजर.

पण आखाड्याची हजेरी काही लागेना. पायऱ्या तपासल्या, सगळं बरोबर. मग अक्का गच्चीवर जाऊन थाळीच्या मागं डोकं लावून बघत राहिल्या आणि त्यांना दिसलं, की मध्ये गणपतअप्पांचा शेवगा येतोय. गणपतअप्पा म्हणजे गल्लीतलं टोकाचं घर. शेंगा लगडलेल्या आणि अप्पा फांदीला हात लावू देईनात.

"तुमचं बोलणं हुईना म्हणून मी माझं झाड तोडू का?" अप्पा म्हणाले.

"तोडू नका. एक फांदी वाकवून बांधा. त्या बदल्यात तुमच्या घरात फोन बसवते. बाथरूमातनं टॉवेल मागायला वरडावं लागणार न्हाई."

अप्पा विचारात पडले. त्यांची ती रोजची ओरड सगळ्या गल्लीला तोंडपाठ होती. दुसऱ्या दिवशी फांदी सुतळीनं बांधलेली होती आणि गणपतअप्पांच्या मोरीशेजारी हजेरी नंबर एकतीस बसला होता.

आखाड्याची हजेरी लागली. अक्कांनी देवापुढं साखर ठेवली, फोन उचलला, एकवीस दाबला. घंटी गेली. कोणीतरी उचलला. आणि मग काहीच नाही.

"हॅलो. ओ, ऐकायला येतंय का? बोला की!"

शांतता. अक्कांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. अर्ध्या तासानं अण्णा मोटारसायकलवरून धुरळा उडवत दारात हजर.

"मला सगळं ऐकू येऊन राहिलं," ते माझ्याकडं बघत म्हणाले. "मी बोलून राहिलो, तर त्यांनाच जात न्हाई."

झालं होतं ते असं, की अक्कांचा आवाज तिकडं पोचत होता आणि अण्णांचा इकडं येत नव्हता. विश्वनाथ म्हणाला, हा या कामातला नेहमीचा दोष आहे, सापडेल. पण सापडेपर्यंत काही दिवस गेले आणि ते दिवस आमच्या गल्लीनं फार आनंदात काढले. अक्का फोनवरून विचारायच्या, "डब्यात मीठ कमी होतं का?" आणि थोड्या वेळानं अण्णा गाडीवरून उत्तर घेऊन यायचे. "हाव." एवढं सांगून परत जायचे. गणपतअप्पा ओट्यावर बसून म्हणायचे, "यात बिघाड काय हाय? आमच्या घरात कायम असंच हाय."

पुढं दोष सापडला आणि दोन्ही बाजूंनी आवाज वाहायला लागला. मग गल्लीत एकेक घर मागायला आलं आणि अक्कांनी पोतं रिकामं केलं. आमच्या घरी बत्तीस नंबर आला. आता गल्लीत कोणी दारातून हाक मारत नाही. कोणाकडं कढी जास्त झाली, कोणाचं पोर कोणाच्या घरात झोपलं, सगळं फोनवर. मध्यंतरी रस्ता खणताना सगळ्या गावाचं नेट गेलं होतं. बँकेत रांगा, दुकानात भांडणं. आमच्या गल्लीत फोन खणखणत होते आणि अक्का अंबाड्यातला टेस्टर चाचपत फाटकात उभ्या होत्या. सुखी माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

दुपारी मात्र अक्कांचा फोन लागत नसे. जेवणं झाल्यावर उन्हं कलेपर्यंत कोणताही नंबर दाबला तरी 'अक्का वर्गात आहेत' एवढंच ऐकू यायचं. मला वाटलं, कोणाची तरी शिकवणी घेत असतील.

गेल्या वैशाखातली गोष्ट. शाळेला सुट्टी, ऊन मी म्हणत होतं. दुपारी निलंग्याच्या बाजूनं आभाळ एकदम काळवंडलं, वारं सुटलं, पत्रे थाडथाड वाजायला लागले आणि गारा पडल्या. मग डोळ्यापुढं लख्ख झालं आणि कानठळ्या बसतील असा कडाका. आमच्या घरातला फोन चिरकल्यासारखा एकदाच वाजला आणि विझला.

मी डोक्यावर पाट धरून अक्कांच्या घरात पळालो. देवघरात जळका वास सुटला होता. डबी काळी पडली होती. अक्का तिकडं पाठ करून, हातात फोन धरून उभ्या होत्या.

"अक्का, डबी गेली," मी म्हणालो.

"गाडी काढा सर."

"अहो, बाहेर गारा..."

"आवाज बोलता बोलता गेला त्यांचा," अक्का म्हणाल्या. "गाईचं सांगत होते. अर्ध्यात गेला. वीज इथं पडली का तिथं, मला कसं कळावं?"

मी गाडी काढली. अक्का मागं बसल्या. सगळ्या वाटेनं माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं आवळत गेली. नाल्याच्या पुढं काळ्या मातीनं चाकं धरली. गाडी तिथंच टाकली. अक्कांनी चपला हातात घेतल्या, लुगडं खोचलं आणि त्या माझ्या पुढं चालायला लागल्या. मी निम्म्या वयाचा माणूस, मला त्यांना गाठता येईना.

आखाड्याजवळची बाभळ उभी चिरली होती. गोठ्याचा एक पत्रा उडून नांगरटीत पडला होता. अक्का बाभळीपाशी क्षणभर थांबल्या, मग पळाल्याच म्हणा ना.

अण्णा खोलीत खाटेवर बसले होते. नखशिखांत भिजलेले, पायाशी एक वासरू थरथरत उभं. आणि अण्णांच्या कानाला फोन होता. मेलेल्या फोनमध्ये ते बोलत होते. "हॅलो. ऐकायला येतंय का? हॅलो..."

अक्कांना दारात बघितल्यावर त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

आता इथं काहीतरी होईल, असं मला वाटलं. रडणं, रागावणं, काहीतरी. काही झालं नाही. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, मग दोघांनीही नजर काढून घेतली. मग अक्का माझ्याकडं वळल्या.

"सर, विचारा, कुठं लागलं तर न्हाई ना?"

अण्णा हाताच्या अंतरावर बसलेले. पण मी विचारलं. "अण्णा, कुठं लागलं का?"

"सांगा त्यांना, काही न्हाई झालं. पत्रा उडाला फकस्त. गुरं सगळी हायत."

"सर, डोकं पुसा म्हणावं. सर्दी होती लगेच."

"हाव म्हणा. पुसतो."

त्या खोलीच्या मध्यभागी उभा राहून मी बराच वेळ निरोप इकडचे तिकडं करत होतो. एरवी मी हसलो असतो. त्या वेळी हसू आलं नाही. अक्कांचा हात एकदा पदराचं टोक धरून पुढं झाला, अण्णांच्या डोक्यापर्यंत जाईल असं वाटलं. मध्येच तो थांबला. मग त्या खाली बसल्या आणि त्याच पदरानं वासराचं अंग पुसायला लागल्या. कान, मान, पाठ, पोट, सगळं नीट, कोरडं होईपर्यंत. अण्णा बघत होते.

परत येताना नाल्यापाशी त्या एका दगडावर टेकल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"लोक म्हणतात, आमचं भांडण झालं," अक्का म्हणाल्या. "भांडायला बी बोलावं लागतंय, सर. लग्न करून आले तवा घर माणसांनी भरलेलं. थोरांसमोर ह्यांच्याशी बोलायची सोय न्हाई. मग हे तिकडं, मी इकडं. यायचे एका दिवसासाठी. त्यात काय बोलणार? पोराची शाळा, सासूबाईंचं औषध. सगळे निरोपच. रिटायर होऊन घरी आले आन समोरासमोर बसलो, तर तोंडातनं शब्द फुटंना. हे पेपर वाचायचे, मी डाळ निवडायचे. दोघं बी बेजार. एक दिवस म्हणाले, गुरांकडं बघतो. मी म्हणले, बघा."

त्यांनी पायाचा चिखल काडीनं खरवडला.

"फोनवर तोंड दिसत न्हाई. मग सुचतंय. रोज दुपारी सांगतात. हिमायतनगरला खोली कशी होती, शेजारी कोण होतं. एकदा लई ताप आला होता म्हणं त्यांना, घरमालकिणीनं पेज करून घातली. मला आत्ता कळलं हे, सर. पोराचं लग्न होऊन नातू झाल्यावर. मी बी सांगते. मी पयल्यांदा वर्गावर गेले तवा पाय कसे कापत होते, ते कुणाला सांगितलं होतं मी?"

दुसऱ्या दिवसापासून अक्का कामाला लागल्या. लातूरहून नवी डबी आली, विश्वनाथनं नवी थाळी पाठवली. पण या वेळी त्यांचं काही जुळेना. घाई करायच्या, मधलंच काहीतरी गाळायच्या, मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. "डोकं ठिकाणावर न्हाई माझं," असं अक्कांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. विश्वनाथनं सांगून बघितलं, "आई, तुम्ही दोघं पुण्याला या, एका घरात राहा." अक्का म्हणाल्या, "ते वेगळं गणित हाय. तू ह्याचं सांग."

आणि अण्णा रोज दुपारी, नेमक्या त्या वेळेला, आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. स्वतःच्या घरी नाही, आमच्या. समोर अक्कांचं दार उघडं दिसायचं.

"बाईंचं काम कुठवर आलं?" मला विचारायचे.

"चाललंय अण्णा. तुम्हीच विचारा की जाऊन."

"न्हाई न्हाई, काम करून राहिल्यात त्या." मग समोरच्या उघड्या दाराकडं बघत म्हणायचे, "गुरांना बी करमून न्हाई राहिलं. आवाजाची सवय लागली ना."

शोभानं त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि आत येऊन डोळ्यांना पदर लावला.

थाळी चढवायच्या दिवशी गच्चीवरचा खांब धरायला माणूस पाहिजे होता. मी निघालो तर अण्णा माझ्या आधी उठले. जिना चढले आणि खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहिले. अक्का स्टुलावर, मी जिन्याच्या तोंडाशी. त्या हवेत बघून म्हणायच्या, "जरा डावीकडं." खांब डावीकडं सरकायचा. "लई झालं." खांब परत यायचा. पान्हा त्यांच्या हातातून निसटला, अण्णांनी वाकून उचलला आणि दांडा त्यांच्याकडं करून वर धरला. अक्कांनी घेतला. एवढंच. पण ते काम लवकर उरकू नये, असं तिघांनाही वाटत होतं.

"आता तिकडं कोणीतरी पाहिजे," अक्का आभाळाला म्हणाल्या.

अण्णांनी ऐकलं आणि जिन्यावरून उतरले ते दोन-दोन पायऱ्या टाकत. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. या वयाच्या माणसानं एवढ्या वेगानं चालवू नये.

संध्याकाळ होत आली होती. मी आणि अक्का स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी चूल पेटवायला घेतली, पण लक्ष फोनकडं. मोबाईलच्या पडद्यावर अकरा हजर दिसत होता, बारा हजर, एकवीसपुढं लाल ठिपका. बराच वेळ तो लालच होता. मग हिरवा झाला.

फोन वाजला. त्यांनी हात पदराला पुसले, केस सारखे केले आणि मग उचलला.

"बोला."

पलीकडून अण्णा बोलायला लागले. मी उठणार होतो, पण अक्कांनी हातानं बस म्हणून खुणावलं. चहा व्हायचा होता. गाईचं सांगणं मागं अर्ध्यावर राहिलं होतं, ते अण्णांनी तिथूनच पुढं सुरू केलं. गाय पुढच्या महिन्यात विणार. पत्रा बसवून झाला. बाभळ तोडायची की ठेवायची. अक्का "हं, हं" करत होत्या आणि त्यांच्या तोंडावर सातवी 'ब'च्या कोणत्याही विद्यार्थ्यानं कधी बघितलं नसेल असं हसू होतं.

"धारेचा वखत झाला," अण्णा म्हणाले. "ठेवतो."

"ठेवू नका."

"मग?"

"राहू द्या तसाच बाजूला. घरातल्या घरात हाय, काय बिघडतंय?"

अक्कांनी एक बटण दाबलं, फोन परातीशेजारी ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. फोनमधून आखाडा ऐकू येऊ लागला. बादली ठेवल्याचा आवाज. वासराच्या गळ्यातली घंटी. बादलीच्या तळावर पडणाऱ्या धारा. अण्णा गाईला दटावत होते, "सरक की गं चंद्रे, किती अंगावर येऊन राहिलीस." अक्का खाली मान घालून हसल्या आणि पहिली भाकरी थापायला लागल्या.

मी चहा संपवला. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तिकडं धारा चालल्या होत्या, इकडं भाकरी. मी कप विसळून ठेवला आणि चपला घालायला दारापर्यंत गेलो, तेव्हा तिकडच्या धारा थांबल्या.

"भाकरीचा आवाज येऊन राहिला गं तुझ्या," लांबून अण्णा म्हणाले.

पुढची भाकरी अक्कांनी जरा जोरात थापली.